तिला सांगू नका

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध झालं की लिहायला बसायचं असं ठरवलं होतं. ते होऊन काही महिने गेले. मी हळू लिहिते. एखाद्या दिवशी दोन वाक्यं होतात, त्यातलं एक दुसऱ्या दिवशी खोडते. मी वाचनालयात काम करते, त्यामुळे आजारपणावरची पुस्तकं रोज हाताखालून जातात. त्यातली बहुतेक शेवटच्या पानापर्यंत बऱ्या झालेल्या माणसांनी लिहिलेली असतात. मी त्या अर्थानं बरी झालेली नाही. उपचार चालू आहेत, आणि हे लिहितानाही मला भीती वाटते आहे.

तरी लिहिते. काही घरांत एक माणूस असं असतं, की त्याच्याविषयी बाकीचे दाराआड म्हणतात, 'तिला सांगू नका.' दाराच्या अलीकडे जी बसलेली असते, तिच्यासाठी लिहिलेलं मला फारसं कुठे सापडलं नाही.

मेथी

आजाराचं नाव सांगण्याआधी एक जुना प्रसंग सांगते. आम्ही नाशिकला, गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. एका संध्याकाळी आई भाजी आणायला गेली आणि तिला यायला उशीर झाला. फार नाही, अर्धा तास असेल. फोन घरीच राहिला होता. थोड्याच वेळात माझे हात गार पडले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. मनात तोवर आईला गाडीनं उडवलं होतं, फाटकातून कोणीतरी ओळखीचं वर बघत होतं, शेजारच्या बायका घरात जमल्या होत्या. असं झालं तर, असा तो विचार नव्हता. ते होऊन गेलेलं होतं. माझं नाव जितकं मला ठाऊक आहे, तितकंच आई गेली हे ठाऊक होतं.

मग जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. तिच्या हातातली पिशवी ओढून मी मेथीची जुडी गॅलरीतून खाली फेकली आणि तुला मी नकोच आहे असं ओरडले. आईनं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. ती पुन्हा तीन जिने उतरली, मेथी गोळा करून आणली आणि निवडत बसली. ती निवडताना बघून मला लाज वाटायला लागली, आणि माझी लाज थोडक्यावर थांबत नाही. आपण या घरात का आहोत इथून सुरू होते आणि आपण मुळात का आहोत इथपर्यंत जाते.

भीती, राग, लाज, सगळं त्या एका संध्याकाळीच. बाहेरून बघणाऱ्याला यातला फक्त राग दिसतो. माझा मोठा भाऊ संदीपदादा त्याला नाटक म्हणायचा. वाचनालयात तर कोणाला पत्ताही नव्हता. तिथे मी हळू बोलणारी, पुस्तकं जागच्या जागी लावणारी बाई. त्यामुळे घरच्यांना वाटे, तिथे सांभाळता येतं तर इथे का नाही? मलाही तेच वाटे.

नाव

नाव कळलं ते इस्पितळात. मी स्वतःला इजा करून घेतली होती. त्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही. जे त्या काठावर आहेत त्यांना तपशिलांची गरज नसते, माणसाची असते. तेव्हा कोणा एकाला तरी हाक मारा, एवढंच म्हणते.

डॉक्टरांनी मला, आईला आणि अण्णांना समोर बसवलं आणि कागदावर लिहून दिलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. अण्णांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, तो शब्द मनाशी वाचला आणि कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला त्यातल्या 'व्यक्तिमत्त्व' या शब्दानं धडकी भरली. पाय मोडला तर पाय मोडतो, आपण तसेच राहतो. इथे काय मोडलं होतं ते वेगळं काढून दाखवता येत नव्हतं.

डॉक्टर साधं बोलले. भावना सगळ्यांनाच येतात. हिला लवकर येतात, जोरात येतात आणि ओसरायला फार वेळ लागतो. त्या सांभाळायला बहुतेक माणसं नकळत शिकतात, हिचं ते राहून गेलं आहे. कोणाचा दोष शोधत बसू नका.

अण्णांनी विचारलं, "बरं होतं का हे?"

"शिकता येतं. वेळ लागतो, पण पुष्कळ जणांना फरक पडतो."

"म्हणजे शिकवणी लावायची," अण्णा म्हणाले. "मग ठीक आहे. वर्गात मागे पडलेली पोरं शिकवणी लावून पास झालेली मी पाहिली आहेत."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, पण आईच्या हातात माझा हात होता, त्या हाताची पकड जरा सैल झाली.

संध्याकाळी पुण्याहून दादाचा फोन आला. अण्णांनी त्याला सगळं समजावलं. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं, कारण अण्णांना फोन कानापासून लांब धरायची सवय होती. "म्हणजे ते नाटक नव्हतं?" अण्णा म्हणाले, नव्हतं. नंतर बराच वेळ कोणी फोन ठेवला नाही.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ लवकर व्हायची. चहा यायचा. मग सिस्टर गोळ्या द्यायच्या आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला सांगायच्या. आधी अपमान वाटला, नंतर अंगवळणी पडलं. इतकं, की घरी आल्यावर आईनं पहिली गोळी दिली तेव्हाही मी आ करून दाखवला. कंगवा चालायचा, ओढणी नाही. पुस्तक चालायचं, पण मला वाचता येत नव्हतं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात हरवायची. लहानपणापासून पुस्तकात जाऊन लपण्याची सवय होती. ते दारही बंद झालं याची जी भीती वाटली, ती कोणाला सांगताही आली नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे भेटीची वेळ संपणं. अण्णा खुर्चीवरून उठले की ते परत येणार नाहीत अशी माझी खात्री व्हायची. एकदा मी त्यांचा सदरा धरून ठेवला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे न्यायला तरी मला यावंच लागेल." घड्याळाला काच होती, त्यामुळे सिस्टरनी ते लगेच जमा करून घेतलं. पण तोवर अण्णा जिना उतरून गेले होते आणि मी खाटेवरच होते.

शेजारच्या खाटेवर येवल्याच्या एक काकू होत्या. घरी पैठणीचे माग, पण कितीतरी महिन्यांत त्या मागावर बसल्या नव्हत्या. त्यांना बोलावंसं वाटत नसे. मला रडू फुटलं की मात्र त्या उठून माझ्या खाटेवर येत आणि म्हणत, "रड तू. तवर मी तुझी केळी खाते." आणि खरंच खात. केळी संपली की माझी वेणी घालून देत. एका दुपारी मी झोपेत असताना त्या घरी गेल्या. उठवू नका म्हणाल्या, तुला त्रास नको म्हणून, असं सिस्टरनी सांगितलं. त्रास नको म्हणून केलेल्या त्या गोष्टीनं माझे पुढचे दोन दिवस खाल्ले. त्याकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

शिकवणी

घरी आल्यावर दर आठवड्याला समुपदेशनाला जायचं. तिथल्या मॅडम जे शिकवायच्या ते ऐकायला अगदी सोपं होतं. भावना आली की तिला नाव द्यायचं. शून्य ते दहात ती किती आहे ते सांगायचं. सातच्या वर असेल तर काही ठरवायचं नाही, कोणाला काही बोलायचं नाही. तोंडावर गार पाणी मारायचं, हातांना काम द्यायचं, आणि ओसरल्यावर स्वतःला विचारायचं की मला ठाऊक काय आहे आणि मी धरून काय चालले आहे. हे कागदावर एका दिवसात पाठ झालं. अंगात यायला वर्षं लागली.

अण्णा माझ्याबरोबर शिकले. त्यांचे धाकटे भाऊ, नाना, चांदवडच्या पुढे गावी कांदा करतात. त्यांच्याकडून दर उन्हाळ्यात आमच्याकडे गोणी येते. अण्णा गॅलरीत गोणपाट अंथरून कांदे पसरायचे. माझा आवाज चढायला लागला की ते शांत हो म्हणत नसत.

"किती?"

"आठ."

"बरं. चल, कांदे बघू."

मध्ये टोपली ठेवून आम्ही बसायचो. एकेक कांदा हातात घेऊन दाबायचा, मऊ लागला तर बाजूला, कोंब आलेला वेगळा. बोलणं नाही. कधीकधी माझ्या लक्षात यायचं की हे कांदे सकाळीच निवडून झाले आहेत आणि अण्णांनी ते पुन्हा मिसळून ठेवले आहेत. ते माझ्या लक्षात आलं आहे हे त्यांनाही कळायचं. तरी आम्ही निवडायचो. आठाचे सहा व्हायचे, सहाचे चार.

एकदा आईला यायला उशीर झाला, तर मी गॅलरीत उभी राहून नुसती थरथरले. पिशवी घ्यायला जिन्यात गेले. आईनं मान वळवून पिशवी माझ्याकडे दिली. ती मेथीच होती.

अल्सर

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अण्णांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. मला सांगितलं, अल्सर आहे.

मग घरात काहीतरी बदललं. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. आई गॅलरीत जाऊन फोनवर बोलायची. दादा दर शनिवारी पुण्याहून येऊ लागला, अण्णांना तपासणीला म्हणून नेऊ लागला आणि माझ्याशी गोड वागू लागला. दादा गोड वागला की काहीतरी बिघडलं आहे हे आमच्या घरात कोणालाही कळतं.

या आजाराच्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची बारीक रेघ फार मोठी दिसते. काहीतरी आहे हे मला दिसत होतं. काय, ते दिसत नव्हतं. ती रिकामी जागा मी माझ्या सगळ्यात जुन्या भीतीनं भरली. हे लोक मला सोडणार आहेत, कुठेतरी नेऊन ठेवणार आहेत, त्याचं ठरवणं चाललं आहे. मी आईशी भांडले. दादाला नको ते बोलले. गणपतीत ताटं आपटली. आणि प्रत्येक भांडणानंतर त्यांची खात्री वाढत गेली असणार, की हिला सांगितलं नाही तेच बरं.

एकदा टोपली मध्ये असताना मी अण्णांना सरळ विचारलं, "माझ्यापासून काय लपवताय?"

अण्णांनी एक कांदा उचलला, दाबला आणि होता तिथे ठेवला. "काही नाही ग. अल्सरला वेळ लागतो."

अण्णा माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी विश्वास ठेवला, आणि स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला.

दिवाळीनंतर त्यांना दवाखान्यात ठेवलं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले. दादा खाली औषधं आणायला गेला होता. तिथल्या सिस्टरनी मला बघून विचारलं, शेवटचं घरी नेणार आहात का, तुमचे भाऊ ठरवून सांगतो म्हणाले होते. मी म्हटलं, शेवटचं म्हणजे? त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. सख्ख्या मुलीला ठाऊक असणार असंच कोणीही धरून चालेल.

अल्सर नव्हता, कॅन्सर होता. मी आत गेले. दुखणं कमी करायच्या औषधानं अण्णा गुंगीत होते. मी हाक मारली, त्यांनी डोळे उघडले नाहीत. नंतरही उघडले नाहीत. मला जे विचारायचं होतं, जे सांगायचं होतं, त्याला श्रावणापासून दिवाळीपर्यंत वेळ होता, आणि तो आम्ही अल्सरवर बोलण्यात घालवला. हाताला सूज आली म्हणून त्यांचं घड्याळ काढून ठेवलेलं होतं. सिस्टरनी ते माझ्याकडे दिलं. अजून माझ्याकडेच आहे.

ताडपत्री

रामकुंडावर दहावा झाला. कोणी माझ्याकडे सरळ बघत नव्हतं आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. आत्या आणि मावश्या पाळीपाळीनं माझ्याजवळ बसत होत्या. स्वयंपाकघरातून विळी नाहीशी झाली होती. मी ओरडले नाही, रडलेही नाही. सगळ्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटली. मलाही. आत दहा होतं आणि बाहेर काहीच येत नव्हतं.

तेराव्यानंतर नाना मला आणि आईला गावी घेऊन गेले. उन्हाळी कांद्याची लागण चालू होती. नानांच्या घरामागे कांद्याची चाळ आहे, फळ्याफळ्यांची, मधून वारा खेळता राहील अशी. चाळ रिकामी होती, पण तिच्यातून सडका वास येत होता. मी विचारलं, काय झालं.

"औंदा लय नासला," नाना म्हणाले. "पावसानं नाय. आभाळ आलं की मी ताडपत्री टाकायचो, चारी बाजूनं गच बांधून घ्यायचो. पाऊस काय आला नाय. सोडायला पायजे व्हती. पण म्हणलं, आज येईल, उद्या येईल. भ्यालो व्हतो मी. आतल्या आत वाफ धरली."

मग चाळीच्या फळीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

"तुला सांगू नका, हे म्या बी म्हणलं व्हतं. एकट्या संदीपला बोल लावू नको. अण्णा म्हणत व्हते, सांगतो पोरीला. म्या म्हणलं, नका, तिला झेपायचं नाय. मग त्यांनी बी सोडून दिलं."

अण्णांना मला सांगायचं होतं, हे ऐकून बरं वाटेल असं कोणालाही वाटेल. माझ्या कानात घणघण सुरू झाली. ज्यांनी ते अडवलं ते माझ्यासमोर उभे होते, म्हातारे, उन्हानं काळे पडलेले. मला ओरडायचं होतं. मी म्हटलं, "नऊ."

"नऊ काय?"

मी त्यांना आकड्यांचं सांगितलं. अण्णा काय करायचे तेही सांगितलं. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"कांदे बघायचे? चाळीत तर काय राह्यलं नाय पोरी." थोडं थांबून म्हणाले, "रोपं हायेत. चल."

त्या दुपारी मी बांधावर बसून कांद्याची रोपं सोडवून दिली. लावणाऱ्या बायका वाकून पुढे सरकत होत्या, कोणी मला काही विचारलं नाही. तिथे मी अण्णांसाठी पहिल्यांदा रडले. रोपांच्या मुळांना चिखल होता, तो तोंडाला लागला.

एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे. त्यांचं चुकलं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. मला श्रावणात सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मला माहीत नाही. कदाचित अण्णांचा आजार बाजूला राहून सगळे माझ्याभोवती धावले असते. ताडपत्री काढल्यावर कांदा वाचलाच असता असं कोण सांगणार? ही भीती मला अण्णांच्या जाण्याइतकीच छळते.

दोन हात

मॅडमनी आम्हा तिघांना एकत्र बोलावलं. दादा घड्याळ बघत आला होता. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की यापुढे घरात काही झालं तर मला इतरांबरोबर कळलं पाहिजे.

दादानं घड्याळ बघायचं थांबवलं. मग म्हणाला, "अण्णांची केमो चालू असताना तू इस्पितळात गेली असतीस तर मी कोणाच्या उशाशी बसलो असतो? मला दोनच हात आहेत रोहिणी."

मॅडमनी त्याला विचारलं, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटत होती? त्यानं रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. "हीपण जाईल," एवढंच म्हणाला. लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत नेणारा माझा भाऊ. मला नाटकी म्हणणारा. मी त्याला कितीतरी वर्षांत रडताना बघितलं नव्हतं.

त्या दिवशी काही गोष्टी ठरल्या. मला सांगायचं, पण एकटी असताना किंवा फोनवर नाही. ऐकल्यावर मी आकडा सांगायचा. सातच्या वर असेल तर मॅडमना फोन करायचा, आणि कोणीतरी जवळ बसायचं. तेवढा वेळ माझं रडणं-चिडणं चालायचं. दादानं वचन दिलं नाही. "प्रयत्न करीन," म्हणाला. आई काहीच बोलली नाही. परतताना रिक्षात मी वाट पाहिली. ती बाहेर बघत होती.

पुढच्या वेळी ते सांगतील की नाही, हे मला त्यानंतर कधीच ठाऊक नव्हतं.

आई

यंदा संक्रांतीनंतर आईला अंघोळीला वेळ लागायला लागला. फोन आला की ती गॅलरीत जायची आणि दार लोटून घ्यायची. एका दुपारी भिशीला जाते म्हणाली. भिशीचा दिवस तो नव्हता.

मी वाचनालयात होते. ते आठवलं आणि दोन कपाटांच्या मध्ये मी खाली बसले. तोच वास होता, झाकलेल्या चाळीचा. पुन्हा तेच चाललं आहे. दादाला माहीत आहे, नानांना माहीत आहे, सगळ्यांचं ठरलं आहे, आणि आईसुद्धा मला न सांगता जाणार आहे. मी दादाचा नंबर काढला. जे बोलणार होते ते शब्द तोंडात तयार होते. एकदा बोलले असते तर परत घेता आले नसते.

मी फोन पिशवीत टाकला आणि नळाखाली तोंड धरलं. नाशिकच्या जानेवारीतलं पाणी. श्वास अडकला, मग सुटला. ठाऊक काय आहे? आज भिशी नव्हती, एवढंच. बाकी सगळं मी धरून चालले होते. मी रजा मागितली आणि घरी चालत निघाले. दोन भीती बरोबर होत्या. आई 'काही नाही' म्हणेल ही एक. आणि सांगेल, ही दुसरी.

दार आईनंच उघडलं. गॅलरीत गोणपाट अंथरलेलं होतं आणि मध्ये टोपली होती. अण्णा गेल्यापासून ती कोणी तिथे ठेवली नव्हती. आईनं मला बसायला सांगितलं. ती अण्णांच्या जागी बसली. तिला मांडी नीट घालता येत नाही, एक पाय लांब करून बसली.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"नऊ."

"माझंपण." तिनं एक कांदा हातात घेतला, पण दाबला नाही. "छातीत गाठ लागतेय. आज दाखवून आले. तुकडा काढून तपासायला दिलाय. काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही."

माझे हात गार झाले. मला उठून जायचं होतं, टोपली उलटी करायची होती, आईला घट्ट धरायचं होतं आणि तिला ढकलून द्यायचं होतं, सगळं एकाच वेळी. मी जागची हलले नाही. दोन्ही हातांत एकेक कांदा धरून दाबत राहिले. आईनं रडू नको म्हटलं नाही. अण्णांकडून ती हे कधी शिकली, मला माहीत नाही.

पुष्कळ वेळानं मी विचारलं, "अजून कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही. फोन यायचे ते दवाखान्यातून. आधी तुला सांगितलं." मग जरा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "संदीपला एवढ्यात सांगू नको हं. तो घाबरतो."

मला हसू आलं. त्या हसण्याचा आवाज मलाच ओळखता येईना. आई आधी गोंधळली, मग तिलाही कळलं ती काय म्हणाली ते, आणि तीही तोंडावर पदर धरून हसायला लागली. हसता हसता आम्ही दोघी रडलो. कांदे सगळीकडे घरंगळले.

"त्यालाही सांगायचं, आई."

"मग तूच लाव."

मी आधी मॅडमना फोन केला, ठरल्याप्रमाणे. दादाला नंतर लावला. तो बाहेर होता, मी त्याला घरी जाऊन वहिनीजवळ बसून परत फोन करायला सांगितलं. का म्हणून त्यानं विचारलं नाही. परत फोन आल्यावर आईनं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडे खूप वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"तुला कधी कळलं?"

"आत्ताच. तुझ्या आधी."

मग म्हणाला, "किती आहे?" त्यानं मला हे यापूर्वी कधी विचारलं नव्हतं.

"आठ. तुझं?"

"मला नाही सांगता येत," दादा म्हणाला. "जास्त आहे."

मी त्याला गार पाण्याचं सांगितलं.

तपासणीचा निकाल अजून यायचा आहे. ही शेवटची पानं मी वाट बघतानाच लिहिते आहे, आणि ती बरी झालेल्या बाईनं लिहिलेली नाहीत. सकाळी आकडा नऊ होता, आत्ता सात आहे. जे कळेल ते मला झेपेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दादा उद्या येतो आहे, पण परवा डॉक्टरांनी आत बोलावलं की तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसायचं असं आईनं ठरवलं आहे. फाईल तिनं कपाटात ठेवली नाही, माझ्याकडे दिली. ती माझ्या पिशवीत आहे, अण्णांच्या घड्याळाजवळ.